एप्रिलमधले तीस अंश

आमच्या घरात हिवाळा हा खोकल्याचा मोसम होता. दिवाळी झाली की हिंगणघाटातल्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारे कारखाने, सुरू व्हायच्या, आई रोजीनं कामाला जायची आणि सांजेला परत यायची ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन. केसांत रुई, भुवयांवर रुई, नाकावर बांधलेल्या दुपट्ट्याच्या घडीत रुई. अंगणात उभी राहून ती आधी पदर झटकायची, मग खोकायची आणि मग पाणी मागायची. हा क्रम कधी बदलला नाही.

तिचं काम निवडण्याचं. कापसाच्या ढिगाभोवती बायका उकिडव्या बसायच्या आणि त्यातला कवडी कापूस, म्हणजे पिवळा पडलेला, किडका, अर्धवट फुटलेला, हातानं वेचून बाजूला टाकायच्या. सोबत पाला, काड्या, पोत्याची सुतळी, कुणाच्या डोक्याचे केस. रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, घाण गेली की रुई खराब निघते आणि मुकादम ओरडतो. चांगली रुई गठाणीत बांधून दूर कुठंतरी जायची. निवडणाऱ्या बायकांच्या छातीत जे जायचं ते तिथंच राहायचं.

बाबा कापडाच्या गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. नंतर त्यांनी मिळेल ते काम केलं आणि शेवटी कुलरवर टिकले. लोकांचे कुलर दुरुस्त करायचे, जुन्या ताट्या काढून नवा वुडवूल, म्हणजे लाकडाचं पातळ गवत, भरायचा, जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायची. आमच्या घरी मात्र टिनाचं छप्पर आणि एक टेबलपंखा, तोही कुणीतरी दुरुस्तीला दिलेला आणि परत न नेलेला. मोहल्ल्यातल्या बाया आईला टोमणा मारायच्या की कुलरवाल्याच्या बायकोले पदरानंच वारा घ्या लागते. आई म्हणायची, "सोनाराच्या बायकोले पाह्यलं का कधी? तिचे बी कान भुंडेच असते."

हे मी कुणी हळहळावं म्हणून सांगत नाही. मोहल्ल्यातल्या बुद्धविहारातल्या पंख्याखाली बसून मी बारावी केली, बी.एस्सी. केली, आणि दोन्ही वेळा चांगले मार्क घेतले. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेज शिकलं नव्हतं. बाबा एकदा एका कॉलेजच्या आत गेले होते, प्राचार्यांचा कुलर दुरुस्त करायला.

वर्ध्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तुहं हे शेवटचं होऊ दे पोरी. तुले नोकरी लागली का मी जिनिंग सोडीन." दुसऱ्या वर्षी नागपूरच्या एका प्रयोगशाळेनं मला सांगूनही ठेवलं होतं की या उन्हाळ्याचा निकाल हातात घेऊन या, जागा आहे. म्हणजे माझं एक वर्ष लांबलं तर ती जागा जाणार आणि आईची छाती आणखी एक मोसम रुई खाणार. गोष्ट इतकी सरळ होती. म्हणूनच त्या एप्रिलचा मला अजून राग येतो.

शेवटच्या वर्षाला एक छोटा शोधप्रबंध लागतो. माझे मार्गदर्शक सर पुण्याकडचे. त्यांनी स्वतःच्या पीएच.डी.च्या काळातलं यीस्ट फ्रीजरमध्ये जपून ठेवलं होतं, नव्या सुनेनं माहेरची भांडी जपावीत तसं. त्यातलं एक मला दिलं. विषयाचं इंग्रजी नाव दीड ओळीचं होतं, पण गोष्ट समजायला अवघड नाही. यीस्टच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे इंधन जाळून ताकद तयार करणारे बारके कारखाने. त्यांच्या आत शेकडो प्रकारची प्रथिनं राबत असतात. बहुतेक प्रथिनं बाहेर तयार होतात आणि दोऱ्यासारखी सरळ होऊन आत शिरतात. आत गेल्यावर त्यांची नीट घडी पडावी लागते. काहींची घडी चुकते, काहींना ज्याच्यासोबत काम करायचं तो जोडीदारच मिळत नाही, काही वापरून खराब होतात. असा माल तिथंच पडून राहिला तर एकमेकांना चिकटतो, गोळे होतात आणि कारखाना बसतो. मायटोकॉन्ड्रियाला दोन पडदे असतात, त्यामुळे बाहेरची सफाई आत पोचत नाही. आतली सफाई आतल्यांनीच करायची. ते काम करणाऱ्या प्रथिनांना प्रोटिएज म्हणतात. बिघडलेलं प्रथिन पकडायचं, ताकद लावून ओढायचं आणि त्याचे बारीक तुकडे करून टाकायचे, हा त्यांचा धंदा.

माझ्या यीस्टमधून अशा एका प्रोटिएजचं जनुक काढून टाकलेलं होतं. निवडणारी बाई कामावर आलीच नाही तर काय होतं, ते मला पाहायचं होतं.

एका रविवारी घरी गेले तेव्हा हे मी आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. ऐकून घेतलं आणि सूप थांबवून म्हणाली, "अन त्याले चांगलं-वाईट समजते कसं? त्याले डोये हाये का?"

मी म्हटलं, डोळे नाहीत. पण नीट घडी पडलेल्या प्रथिनाची टोकं बहुतेक आत लपलेली असतात. बिघडलेल्याचं टोक बाहेर लोंबतं. प्रोटिएज ते लोंबणारं टोक पकडतं.

"असं म्हण ना मंग," आई म्हणाली. "आमच्याकडं बी तसंच हाय. पदर लोंबला का मशीन वढते." आणि पुन्हा पाखडायला लागली. मी मात्र त्या दिवसापासून घरून निघताना दर वेळी तिला कामावर पदर खोचायला सांगू लागले.

प्रयोग साधा होता. साखर दिली की यीस्ट मायटोकॉन्ड्रियाशिवायही पोट भरतं, साखर आंबवून. म्हणून साखर द्यायचीच नाही. ग्लिसरॉल घातलेल्या प्लेटवर यीस्टचे थेंब ठेवायचे. तिथं जगायचं तर श्वास घ्यावा लागतो आणि श्वासाला धडधाकट मायटोकॉन्ड्रिया लागतात. एक प्लेट तीस अंशाला ठेवायची, एक सदतीसला. तीस हे यीस्टच्या सुखाचं तापमान. तिथं निवडणारी नसली तरी कसंबसं भागतं. सदतीसला प्रथिनं उष्णतेनं जास्त बिघडतात, कचरा वाढतो, आणि प्रोटिएज नसलेलं यीस्ट तग धरत नाही. शेजारी साधं यीस्ट ठेवायचं, ते दोन्हीकडे वाढतं. आणि तिसरं, ज्यात काढलेलं जनुक परत घातलेलं आहे. ते दोन्हीकडे वाढलं म्हणजे दोष त्याच जनुकाचा, हे ठरलं.

जानेवारीत अगदी असंच झालं. तीसला माझं यीस्ट वाढलं, सदतीसला प्लेट कोरी. सरांनी प्लेट उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "छान. आता हेच अजून दोनदा करून दाखवा. एकदा दिसलेलं खरं नसतं." ते बरोबरच होतं. पण मग अंतर्गत परीक्षा आल्या, कॉलेजात तपासणीला समिती येणार म्हणून भिंती रंगवल्या, रसायनं संपली आणि मागवलेली यायला उशीर झाला. दुसऱ्यांदा प्लेटा टाकायला एप्रिल उजाडला.

आणि तीसच्या प्लेटवर माझं यीस्ट वाढलं नाही.

सदतीसला नाही हे ठीक होतं. पण तीसलाही नाही. शेजारचं साधं यीस्ट दोन्हीकडे वाढलेलं, जनुक परत दिलेलंही वाढलेलं. फक्त माझं, दोन्ही प्लेटांवर कोरं. तीसलाच वाढत नसेल तर उष्णतेचा मुद्दाच संपला, आणि माझ्या प्रबंधाचं नावच उष्णतेवर होतं.

मी पुन्हा केलं. नवीन माध्यम, नव्या प्लेटा, फ्रीजरमधून नवं यीस्ट काढून. तेच. पाणी बदललं, तेच. ग्लिसरॉलची बाटली बदलली, तेच. ग्लिसरॉलवर यीस्ट सावकाश वाढतं, त्यामुळे दर वेळी चार-चार दिवस वाट बघून शेवटी कोऱ्या प्लेटकडे बघायचं. बाहेर वर्धा तापत होती. नालवाडीतल्या खोलीतून कॉलेजला येईपर्यंत सायकलचं हँडल हातात धरवत नसे. आणि आत येऊन हे. प्रयोगशाळेतले मामा, जे भांडी धुवायचे आणि सगळ्यांची मस्करी करायचे, ते म्हणाले, "म्याडम, तुमचं यीस्ट उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलं वाटते." मला हसू आलं नाही.

सरांनाही आलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही स्ट्रेन मिसळलेत."

मी म्हटलं, यीस्टचे वाण नाही मिसळले सर.

"मग वाढत का नाही? जानेवारीत वाढत होतं ना? हाताला वळण लागतं, ते घरातून येतं. शिस्तीचं काम आहे हे."

ते घरातून येतं. हे वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं की तोंडातून सुटलं, मला माहीत नाही. माझ्या घरातून काय आलं होतं ते मला चांगलं माहीत होतं. बोटांनी ढिगातून एक पिवळी बोंडी शोधून काढणारी आई माझ्या घरातली होती. पण माझ्या हातात कोरी प्लेट होती आणि कोऱ्या प्लेटला तोंड नसतं.

प्रयोगशाळेत दोन इनक्युबेटर होते, जुन्या गोदरेजच्या कपाटासारखे जड. एक तीसवर, एक सदतीसवर. आकडे दाखवणारी पाटी नाही. एक गोल खटका, त्याच्या बाजूनं आकडे कोरलेले, आणि एक लाल दिवा. आतला हीटर चालू झाला की दिवा लागतो, हवं तेवढं तापलं की विझतो. वर थर्मामीटर घालायचं भोक होतं, पण थर्मामीटर माझ्या आधीच्या कुठल्या तरी बॅचनं फोडला होता आणि भोकात बूच बसवलेलं होतं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की दिवा विझला म्हणजे तापमान झालं, आता प्लेटा ठेवा. सगळे तसंच करायचे. बाकीच्यांचं काम जिवाणूंचं, ते सदतीसच्या इनक्युबेटरात. तीसचा डबा जवळपास माझा एकटीचाच होता.

एके दुपारी लाइट गेली आणि अर्ध्या तासानं आली. आल्याबरोबर पंखे फिरले, खोलीतले दिवे लागले. तीसच्या इनक्युबेटरचा लाल दिवा लागला नाही. मी बघत बसले. नाहीच लागला. मग आठवायला लागले, की हा दिवा मी शेवटचा लागलेला कधी पाहिला? जानेवारीत तो सारखा लुकलुकायचा. एप्रिलमध्ये एकदाही पाहिल्याचं आठवेना. मला वाटलं हीटर जळाला. आतून थंड पडतंय आणि माझं यीस्ट म्हणून वाढत नाही. मला आनंदच झाला. चला, दोष सापडला.

तपासायला म्हणून मी खटका फिरवून पन्नासवर नेला. दिवा लगेच लागला. म्हणजे दिवा चांगला, हीटरही चांगला. मग खटका हळूहळू मागे आणत गेले. पंचेचाळीस, लागलेलाच. चाळीस, लागलेलाच. अडतीसच्या जरा खाली आल्यावर दिवा विझला.

मी तिथंच स्टुलावर बसले. डब्यात अडतीस अंश होते. हीटर बंद असताना. कारण खोलीतच अडतीस होते. त्या यंत्राला फक्त तापवता येत होतं, थंड करता येत नव्हतं. तीसवर खटका ठेवला की तो म्हणणार, तीसच्या वर आहे, माझं काम झालं, आणि दिवा विझवून बसणार. आणि आम्ही सगळे वर्ध्याच्या एप्रिलमध्ये त्या विझलेल्या दिव्याकडे बघून म्हणायचो, झालं तापमान. ज्या देशात हे यंत्र आणि ही पद्धत तयार झाली तिथं तीस म्हणजे तापवणं असेल. आमच्याकडे तीस म्हणजे थंडावा.

माझं यीस्ट खोटं बोलत नव्हतं. माझ्या दोन्ही प्लेटा इतके दिवस एकाच तापमानाला बसल्या होत्या, आणि मी शिव्या खात होते. रसायनशास्त्र विभागातून थर्मामीटर मागून आणला, बूच काढून आत घातला. अडतीस.

सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी थर्मामीटर काढून पुन्हा घातला आणि स्वतः वाचला. माफी वगैरे मागितली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. म्हणाले, "थंड करणारा इनक्युबेटर मागवायला दोन वर्षं अर्ज पडून आहे. आता तुम्ही हिवाळ्यात पूर्ण करा. पुढच्या सत्रात जमा करा प्रबंध."

हिवाळ्यात. म्हणजे दिवाळीनंतर, म्हणजे जिनिंग सुरू झाल्यावर. मी सरांना सांगितलं की मला मेमध्येच जमा करायचा आहे. ते म्हणाले, तीस अंश आणा, मग करा.

खोली तीसच्या खाली आली की तोच डबा हीटर लावून बरोबर तीसवर राहिला असता. म्हणजे थंड खोली हवी होती. कॉलेजात एसी एकाच ठिकाणी, कार्यालयात, उत्तरपत्रिका आणि कॉम्प्युटर ठेवतात तिथं. मी मोठ्या बाबूंकडे गेले, कोपऱ्यात डबा ठेवू द्या म्हणून. त्यांनी विचारलं, आत काय असते? यीस्ट म्हटल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "म्हंजे ज्याच्यानं दारू आंबवते तेच ना? बाई, दारूबंदीचा जिल्हा हाय हा. उद्या कोणी म्हणन कार्यालयात दारूचा सडवा ठेवला."

शेजारचे सगळे हसले. मी समजावून सांगितलं की प्लेटवर साखरसुद्धा नाही, दारू होऊच शकत नाही. ते म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला. प्राचार्यसाहेब बाहेरगावी होते. मग परीक्षेचं काम होतं. मग तो अर्ज विभागप्रमुखांमार्फत यायला पाहिजे होता. रोज जाऊन विचारायचं आणि रोज बाबूंचा तोच विनोद ऐकायचा, "आली का भट्टीवाली." मला राग यायचा तो त्यांच्या हसण्याचा नाही. त्या खोलीत रिकाम्या खुर्च्या गार बसलेल्या असायच्या, त्याचा यायचा.

असं करता करता मे उजाडला. शनिवारी घरी गेले. बोलायचं नव्हतं, पण जेवताना सगळं बाहेर पडलं. बाबा कधीच मध्ये बोलत नाहीत.  हात धुऊन आले आणि कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. तिथं कुलर होता. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी भंगारातली बॉडी घेऊन, मोटर भरून, नव्या ताट्या लावून घरासाठी एक उभा केला होता. आईला दुपारी धाप लागायची म्हणून. लागून आठवडा झाला नव्हता.

आईच म्हणाली, "घेऊन जा. मले सवय हाय."

मी नाही म्हटलं. ती चिडली. "काऊन नाई? यंदा कुलरात झोपू का पुढल्या साली जिनिंगमधी खोकू? मले काय पाह्यजे ते मले समजत नाई का?"

 बाबा म्हणाले, "पोरीच्या पोट्ट्याइले कुलर, अन मायले पंखा," आणि पाना शोधायला लागले. यीस्टला ते माझे पोट्टे, म्हणजे पोरं, म्हणायचे.

सोमवारी टेम्पोत टाकून कुलर वर्ध्याला आला. बाबांनी तो प्रयोगशाळेच्या खिडकीत बसवला, समोरची खिडकी उघडी ठेवायला सांगितली, नाहीतर हवा कोंडते. सर आले, बाबांना नमस्कार केला, बसा म्हणाले. बाबा बसले नाहीत, म्हणाले, "आधी पाणी भरतो." मेमधली कोरडी हवा कुलरला मानवते. दोन तासांत खोली सत्तावीसवर आली. आणि मग तीसच्या डब्याचा लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. मला रडूच यायचं बाकी होतं, पण सर उभे होते.

पुढचे दिवस पाण्याचे. कॉलेजचा नळ दुपारी सुकायचा. मी बोअरवरून बादल्या आणायची, मामा शिव्या देत मदत करायचे, आणि एकदा मी वर्गातून परत आले तर सर स्वतः बाह्या सरसावून कुलरमध्ये बादली ओतत होते. मला बघून म्हणाले, "टाकी गळते तुमची." म्हटलं, बाबांना सांगते.

प्लेटा दोनदा टाकल्या. दोन्हीदा तीसला माझं यीस्ट वाढलं, सदतीसला वाढलं नाही, आणि जनुक परत दिलेलं दोन्हीकडे वाढलं. बाबूंची परवानगी दुसऱ्या प्लेटा काढल्या त्या दिवशी आली. मी ती घेतली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं की खिडकीत एवढा मोठा कुलर कशाला. मी सगळं सांगितलं. दिवा, खटका, अडतीस. त्यांनी विचारलं, हे प्रबंधात लिहिलंय का? मी म्हटलं, लिहिलंय, पद्धतीच्या प्रकरणात, पहिल्याच पानावर. ते प्रकरण सरांनीच तपासलं होतं आणि त्यातलं एक अक्षर खोडलं नव्हतं.

कुलर जूनमध्ये परत घरी गेला, तेव्हा उन्हाळा संपत आला होता. आई म्हणाली, आता पावसात कायले लावता. एक उन्हाळा तिनं टिनाखाली पंख्यावर काढला, हे मी विसरत नाही आणि कुणी विसरा म्हटलं तरी विसरणार नाही. त्या बुचाच्या जागी आता थर्मामीटर आहे, तो मी माझ्या पैशानं घेऊन बसवला.

मी त्याच वर्षी पहिल्या श्रेणीत एम.एस्सी. झाले. जुलैत नागपूरला कामाला लागले. त्या दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या आणि आई गेली नाही.